पाठीनं मोजलेली जागा

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला.

टळटळीत दुपार. गवतात एक माणूस उताणा पडलेला. अंगात खाकी शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत धोतर, उशाला तांबडा पटका आणि डोळे सताड उघडे. मी दोन हाका मारल्या. हूं नाही की चूं नाही. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. मागं वळून मी ओरडले, “अहो, कुणी आहे का इकडं?” तेव्हा ते प्रेत ओठसुद्धा नीट न हलवता म्हणालं, “वाईच थांबा म्याडम. मुंग्या यायच्या हायत अजून.”

मी थांबले. दुसरं करणार काय? थोड्या वेळानं ते उठून बसले, पाठ झाडली, शेजारचा एक गोटा उचलून नेमका उशाच्या जागी ठेवला आणि म्हणाले, “पास झाली.”

“कोण पास झाली?”

“जागा. मुंग्या आल्या, इचारपूस करून गेल्या, चावल्या न्हाईत. हितं माणूस निजंल.”

ही माझी सरकारी नोकरीतली पहिली नेमणूक आणि त्या नेमणुकीतली पहिली दुपार. मेढ्याच्या पलीकडं, धरणाच्या पाण्याला लागून एक सरकारी उद्यान आहे. थोडी झाडी, चार झोपाळे, एक कँटीन आणि मुक्कामाला बारा तंबू. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं इतकी यायला लागली की तंबू पुरेनात. तेव्हा सातारच्या कार्यालयानं ठरवलं, बाराचे चाळीस करायचे. तिथले जुने अधीक्षक नुकतेच निवृत्त झाले होते, जागा रिकामी होती. म्हणून आराखडाही मी करायचा आणि उद्यानाचा चार्जही मीच सांभाळायचा. मी सांगलीची. वडील हळदीच्या बाजारात काटा सांभाळायचे. माझ्या नाकावर राग भाड्यानं राहत नाही, स्वतःचं घर बांधून राहतो, असं माझी आई येईल त्या पाहुण्याला सांगते. अशा बाईला पहिल्याच दिवशी मुंग्यांची वाट पाहत उभं करणारा माणूस भेटला. आमचं जमणार कसं?

आबा तिथले रखवालदार. तंबू ठोकायचे, उतरवायचे, पाहुण्यांना जागा दाखवायच्या, ही त्यांची कामं. मूळचे माणदेशातले, दहिवडीच्या अंगाचे. धनगर. दिवाळी झाली की त्यांच्याकडची मेंढरं ह्या खोऱ्यातनं घाट उतरून कोकणात जायची. आबा विशीत असताना ह्या वाटेवरच त्यांचा पाय मोडला. कळप काही थांबत नाही. थांबला तर खाणार काय? थोरल्या बहिणीनं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, उद्यानाखालच्या माळावर एका झाडाला टेकवून त्यांना बसवलं, जवळ भाकरी ठेवली आणि डोळे पुसत मेंढरांमागं निघून गेली. तेव्हाच्या साहेबांनी ह्यांना उचलून खोलीत आणलं. पाय जुळला, पण आखूड जुळला. कळपामागचं चालणं संपलं. साहेबांनी रखवालीला ठेवून घेतलं ते कायमचं.

बहीण मात्र दरवर्षी येत राहिली. घाट उतरायच्या आधी तिचा कळप त्याच माळावर दोन दिवस बसायचा. माघारी जायची वाट दुसरी, त्यामुळं वर्षातले तेवढे दोनच दिवस आबांना आपलं माणूस दिसायचं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. “अशा तंगड्याला कोन गाठ मारून घील?” असं म्हणून स्वतःच हसायचे.

हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तर मी जे केलं ते केलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. खरं खोटं देव जाणे. कारण नव्या अठ्ठावीस तंबूंची जागा मी त्याच माळावर धरली होती, चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालून.

“जागा पायानं न्हाई, पाठीनं मोजायची,” हे आबांचं ठरलेलं वाक्य. दिवसातनं चारदा तरी ऐकायला मिळायचं. माझ्याकडं टेप होता, लेव्हल होती, उपग्रहाचा नकाशा होता. त्यांच्याकडं पाठ होती. कुठं तंबू लावायचा म्हटलं की आधी तिथं जाऊन आडवे व्हायचे. मी एकदा विचारलं, “पाठीला काय कळतं हो आबा?”

“मेंढरू बसायच्या आदी जागा हुंगतं. माणसाचं नाक गेलं कामातनं. पाठ तेवढी शाबूत हाय.”

“आणि डोळे उघडे का ठेवता? झोपायचं तर नीट झोपा की.”

“आवं, डोळं मिटलं की कसलीबी जागा ग्वाड लागती. उघड्या डोळ्यानं पडायचं, म्हंजी ती खोटं बोलत न्हाई.”

कँटीन चालवणाऱ्या मावशी शेजारच्याच वस्तीतल्या. त्यांच्या हातच्या पिठल्यासाठी पाहुणे फोन करून यायचे. त्या म्हणायच्या, “वीस वर्सं झाली बघतीया बाई. रानात गावंल तितं आडवं पडत्यात, पर ह्यो माणूस झोपल्याला म्या कवा बघितला न्हाई.” मी हसले होते. म्हाताऱ्या माणसांची झोप कमी असते, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं.

बारा तंबूंना कार्यालयानं एक ते बारा नंबर दिले होते. आबांना ते नंबर मान्य नव्हते. त्यांनी प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. एक ‘माहेरची’, कारण तिथं पडलं की उठावंसं वाटत नाही. एक ‘कुशीची’, तिथं जमीन जराशी डावीकडं उतरती, माणूस आपसूक कुशीवर होतो. एक ‘सासूची’, तिथं झाडावरनं दिवसभर काही ना काही अंगावर पडत राहतं. आणि एक ‘भांडकुदळ’, खिंडीतल्या वाऱ्यानं तिचं कापड सारखं फडफडायचं, आत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून माणसं आवाज चढवायची. पाहुणा आला की आबा त्याला आधी चप्पल-बूट काढायला लावायचे आणि तो ते कसे काढतो ते बघायचे. खाली वाकून, नाडी सोडून, जोडी लावून ठेवली तर माहेरची. पायानंच ओरबाडून भिरकावले तर सासूची.

एकदा पुण्याचं एक जोडपं आलं. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. बाई एका झोपाळ्यावर, बुवा दुसऱ्यावर. आबांनी त्यांना नेमकी ‘भांडकुदळ’ दिली. मी तडतडत गेले, “आबा, डोकं ठिकाणावर आहे का? माहेरची रिकामी आहे ना?”

“माहेरची दिली तर झोपून जात्याल,” आबा म्हणाले, “आन् जशी आली तशी माघारी जात्याल. ह्यांना वरडायला जागा पायजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कँटीनवर आली ती घसा बसलेली. दोघंही. एका ताटात थालीपीठ खात बसली आणि जाताना आबांच्या पायाला हात लावून गेली. मी वहीत नुसतं ‘तंबू क्रमांक नऊ’ लिहिलं.

आता ही गंमत सांगते, पण तेव्हा मला त्यांचा असा काही वैताग यायचा की बोलायची सोय नाही.

आराखडा दिवाळीच्या आधी सातारला पोचवायचा होता. तिथल्या साहेबांचा एक दिवसाआड फोन. “मॅडम, तंबू एका ओळीत पाहिजेत. वरनं ड्रोननं फोटो घ्यायचाय. शिस्त दिसली पाहिजे.” मीही काही कमी नव्हते. पहिलं काम, पहिला नकाशा, खाली माझी सही. पावसाळा संपता संपता तो माळ असा हिरवागार दिसत होता की मी एका नजरेत त्याच्यावर बोट ठेवलं. सपाट, मोकळा, पाणी जवळ. आणखी काय हवं? सात-सात तंबूंच्या चार ओळी. दोन मजूर घेऊन मी पांढऱ्या फक्कीनं त्या ओळी जमिनीवर आखून घेतल्या. इतक्या सरळ की माझं मलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर माळ कोरा. फक्कीचा कण नाही. आबा वरच्या अंगाला जांभळींच्या टप्प्यावर आडवे, आणि हाताशी खराटा.

“हे काय आहे आबा?”

“खाली पाठ भाजती म्याडम. माणूस निजायचा न्हाई तितं. हितं वर बगा की, तीन टप्पं हायत, सावली हाय…”

“मी विचारलं होतं तुम्हाला?”

“न्हाई.”

“मग?”

“जमिनीनं इचारलं.”

मी पुन्हा आखलं. त्यांनी पुन्हा झाडलं. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला मी उद्यानाच्याच कार्यालयात जाऊन तिथल्या हेडक्लार्कपुढं डोकं धरून बसले. हेडक्लार्क चहा ओतत म्हणाले, “मॅडम, तुम्ही भोळ्या. म्हाताऱ्याच्या पाठीचं काही नाही. दिवाळी झाली की त्याच्या बहिणीची मेंढरं बसतात त्या माळावर. तुमचं कुंपण झालं की ती बंद. म्हणून चाललंय हे सगळं.”

झालं. एवढं ऐकलं आणि माझ्या नाकावरच्या घराची सगळी दारं उघडली. म्हणजे हा माणूस मला इतके दिवस पाठ, मुंग्या, जमीन सांगत होता, आणि आतनं डाव वेगळाच! मी तरातरा माळावर गेले. आबा होते, मजूर होते, मावशी होत्या, दोन-चार पाहुणेही होते. सगळ्यांदेखत मी म्हणाले, “सरकारी जागा तुमच्या बापाची आहे का? तुमची मेंढरं बसावीत म्हणून सरकारचं काम अडवताय? नोटीस काढीन, घरी बसाल!”

आबांच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. हातातला खराटा त्यांनी झाडाला टेकवून ठेवला आणि लंगडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेले तर माझ्या चारही ओळी पुन्हा आखलेल्या. दोरी धरून, कोपऱ्याला कोपरा जुळवून, मी आखल्या होत्या त्याहून सरळ. आबा शेवटची रेघ ओढत होते. फक्की उडून भुवया पांढऱ्या झालेल्या. मला बघून म्हणाले, “झालं म्याडम. आता पुसणार न्हाई कुनी.” आणि फक्कीची पाटी घेऊन गेले. माळाबद्दल त्यानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत. मला ‘म्याडम’ म्हणायचे तेही बंद झालं. नुसतं ‘व्हय जी’, ‘न्हाई जी’.

मी जिंकले होते. आणि मला जेवण जाईना.

मावशींनी पिठल्याचं ताट माझ्यापुढं आदळलं. “खावा. सरकारचं काम हाय, उपाशी ऱ्हाऊ नगा.” मग पदरानं हात पुसत माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनीच मला ती पाय मोडल्याची, कामट्यांची, भाकरीची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाल्या, “बाई, भनीसाठी खोटं बोलायचं असतं तर त्यो पयल्याच दिशी तुमच्या पाया पडला असता. पाठ भाजती म्हनाला म्हंजी भाजती. तुमी पडून बगितलं का?”

नव्हतं बघितलं. अहो, मी इंजिनीअर! मी कशाला पडून बघू? ताट तसंच सारलं आणि भर दुपारी माळावर गेले. आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा पाहिलं, ओढणी खाली अंथरली आणि माझ्याच तिसऱ्या ओळीतल्या माझ्याच चौथ्या तंबूत, म्हणजे फक्कीच्या चौकटीत, आडवी झाले. डोळे उघडे ठेवून.

आधी नुसतं गवत टोचलं. मग खांद्याखाली ऊब लागली. मग ती ऊब वाढत गेली, कमरेपर्यंत आली. तव्यावरच्या भाकरीसारखी माझी एक बाजू शेकून निघाली. मी उठले, जाऊन मजुरांना घेऊन आले, “इथं कुदळ मारा.” पहिल्याच घावाला वीतभर मातीखाली कुदळ टणकन वाजली. दहा पावलांवर मारली, तिथंही तेच. सबंध माळाखाली एकसंध कातळ. ते हिरवं गवत म्हणजे कातळावर अंथरलेली चादर होती नुसती. तंबूची खुंटी रुतायची नाही, संडासाचा खड्डा निघायचा नाही, आणि दिवसभर तापलेला कातळ माणसाला भाजत राहायचा. आराखड्याच्या आधी चाचणीचे खड्डे घ्यायचे असतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मी हिरव्या रंगाला भुलले आणि ते खड्डे घेतलेच नाहीत. आणि ज्यानं सांगितलं त्याचा बाप काढला होता.

मला माझी अशी लाज वाटली की तिथंच बसून मी रडले. मजूर बिचारे कुदळीकडं बघत उभे राहिले.

आज मी जतला आहे. इथं एका तलावाकाठी असंच मुक्कामाचं काम चाललंय. मी खड्डे घेते, लेव्हल लावते, आणि ते झालं की जमिनीवर आडवी होते. इथले शिपाई आपसात कन्नडमध्ये काहीतरी बोलून हसतात. हसू देत. मला कन्नड येत नाही ते बरंच आहे.

तर, त्या दिवशी मी आबांना शोधत गेले. ते जांभळीखाली दोरखंडाची गाठ सोडवत बसले होते. मी समोर बसले आणि म्हणाले, “आबा, चुकलं माझं. पाठ भाजली.”

त्यांनी वर पाहिलं. “किती वेळ पडला हुता?”

“अर्धा तास.”

“टोपी घालायची हुती. तोंड लाल झालंया,” ते म्हणाले आणि पुन्हा गाठीला लागले. एवढीच माझी माफी. पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी मिळून वरचे तीन टप्पे पालथे घातले. ते पडायचे, मी मोजायचे. ते गोटा ठेवायचे, मी कागदावर टिंब ठेवायचे. अठ्ठावीस जागा निघाल्या, एकही एका ओळीत नाही. साहेबांना मी कातळाचे फोटो पाठवले. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “ड्रोनचं काय करायचं?” मी म्हणाले, “सर, झाडीत तंबू वरनं दिसायचेच नाहीत.” ते म्हणाले, “मग राहू दे.”

राहिला माळ. सरकारी नकाशात जागा रिकामी सोडून चालत नाही. रिकामी दिसली की कुणाला तरी तिथं कारंजं सुचतं. कातळ माणसाला भाजतो, पण थंडीच्या दिवसांत मेंढरांना तशी कोरडी, उबदार बसायची जागा दुसरी नाही, हे आता मला कळलं होतं. मी त्या माळावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘हंगामी खत व्यवस्था’. साहेबांनी विचारलं, “हे काय नवीन?” म्हटलं, “झाडांना लेंडीखत, सर. वर्षातनं दोन दिवस.” त्यांनी सही केली.

मंजूर नकाशा घेऊन मी उड्या मारत आबांकडं गेले. “आबा, कुंपण नाही, तंबू नाहीत. आता येऊ दे तुमची आक्का!”

आबांनी नकाशा उलटा-सुलटा पाहिला, घडी करून माझ्या हातात दिला. “ग्वाड केलंसा. पर ती यायची न्हाई.”

“का?”

“बोलावनं न्हाई.”

“म्हणजे? दरवर्षी येते ना?”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. धनगर कुणाच्या रानात मेंढरं बसवायला स्वतःहून जागा मागत नाही. ज्याचं रान, त्यानं वाटेवर येऊन बोलवायचं. तरच कळप वळतो. इथल्या प्रत्येक साहेबानं पहिल्या वर्षापासून तो रिवाज पाळला. खाली तीन रस्ते फुटतात त्या तिठ्यावर जायचे, गुळाची ढेप द्यायचे, बसा म्हणायचे. मागच्या वर्षापर्यंत एकही दिवाळी चुकली नव्हती. आता शेवटचे साहेब निवृत्त झाले. “तिठ्यावर कुनी दिसलं न्हाई की आक्का सरळ दुसऱ्या घाटाला लागंल. त्यो लांब हाय. मंग गाठभेट न्हाई.”

“अहो, मग आधी सांगायचं! कळपाबरोबरच्या भाच्याकडं मोबाइल आहे ना तुमच्या? लावा फोन, बोलवा.”

“फोनवर रान देत्यात व्हय?” आबा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. “आन् म्या कसं बोलवू? माजं रान हाय का त्ये?”

ते सहज बोलून गेले. मला मात्र माझं ते ‘तुमच्या बापाची आहे का’ आठवलं. म्हणजे मी सगळ्यांदेखत त्यांना हिणवत होते, तेव्हा हा माणूस मनात काय घेऊन उभा होता? वर्षातनं दोन दिवसांची भेट माझ्या एका शब्दावर अडली होती, आणि तो शब्द मागायचा नाही, ही त्यांची रीत होती. मागितला असता तर मी दिला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

“चार्ज कुणाकडं आहे?” मी विचारलं.

“तुमच्याकडं.”

“मग बोलवायचं कुणी?”

आबा गालातल्या गालात हसले. “त्ये आता तुमचं तुमी बगा.”

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि एका सकाळी भाच्याचा फोन आला, कळप तिठ्याजवळ पोचतोय. मी कार्यालयाची जीप काढली, मेढ्याच्या बाजारातनं गुळाची ढेप घेतली, आबांना शेजारी बसवलं. वाटभर मी वाक्य पाठ करत होते. ‘आक्का, आमच्या रानात मेंढरं बसवा.’ एवढं साधं वाक्य, पण दर वळणाला चुकत होतं.

तिठ्यावर आधी धूळ दिसली, मग घंटा ऐकू आल्या, मग रस्ता भरून मेंढरं. मागं सामान लादलेली दोन घोडी, आणि त्यांच्या पुढं काठी घेऊन एक उंच, काळीसावळी बाई. सत्तरीला टेकलेली, पण चाल अशी की मला तिच्या मागं धावावं लागलं असतं. आबा जीपमधनं उतरले आणि वीस पावलं लांब एका बाभळीपाशी जाऊन खोडाकडं बघत उभे राहिले, जशी काही त्या बाईची आणि त्यांची ओळखच नाही. बोलावणं होईतो नात्यानं मधे यायचं नाही, हीही रीतच.

मी ढेप पुढं केली. “आक्का, आमच्या रानात मेंढरं बसवा.”

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “जुनं सायेब कुटं हायत?”

“निवृत्त झाले.”

“तू कोन?”

“मी… त्यांच्या जागी आलेय.”

“रान कुनाचं?”

“सरकारचं.”

“आगं पोरी, सरकार मला दिसंना हितं कुटं. बोलावनाऱ्याचं तोंड दिसाय पायजे. उंद्या कुनी काठी घिऊन आला तर म्या कुनाचं नाव सांगू?”

मेंढरं तोवर पुढं सरकायला लागली होती, दुसऱ्या घाटाच्या अंगाला. मी बाभळीकडं पाहिलं. आबा खोडाची साल नखानं काढत होते. माझं पाठ केलेलं सगळं त्या क्षणी विसरलं.

“रान त्यांचं आहे,” मी बोट दाखवून म्हणाले. “त्यांनी पाठीनं मोजलंय. चाळीस वर्षं राखलंय. मी नुसता निरोप आणलाय.”

बाई वळली. काठीवर दोन्ही हात ठेवून भावाकडं बघत राहिली. “व्हय रं?” ती म्हणाली. “तुजं रान हाय?”

आबांनी हातातली साल टाकली. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, जोरात, दोनदा.

“मंग मुक्यावानी हुबा का?” बहीण ओरडली. “तोंडानं बोलव की!”

आबांनी पटका काढला, तोंड पुसलं, पुन्हा डोक्यावर चढवला. लंगडत रस्त्याच्या मधोमध आले आणि आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या तोंडानं म्हणाले, “ये आक्के. बस माज्या रानात.”

तिनं जिभेनं एक आवाज काढला आणि सगळा कळप वळला.

दुपारपर्यंत माळ पांढराकाळा होऊन गेला. कातळ तापला होता, मेंढरं अंगाला अंग लावून बसली होती. मावशींनी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी पाठवली. आक्का भावाला आधी मनसोक्त बोलली, वाळलास, दाढी कर, शर्टाचं बटन कुटं गेलं, आणि मग त्याच शर्टाला बटन लावत बसली. जेवून हात धुवून मी परत आले तर आबा मेंढरांच्या मधोमध उताणे पडलेले, तोंडावर पटका.

मी शेजारी बसले आणि वाट पाहायला लागले. आता उठतील, पाठ झाडतील, गोटा ठेवतील, पास की नापास ते सांगतील. बराच वेळ झाला. शेवटी मीच विचारलं, “आबा, मुंग्या आल्या का?”

आक्कानं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मी कान देऊन ऐकलं. आबा घोरत होते.